टोलकाका आणि नववीचा बायपास

आमच्या शाळेच्या संगणक कक्षाच्या दारात कायम एक हात आडवा असतो. दारापाशी थांबायचं, नाव आणि इयत्ता सांगायची, मग तो हात कोपरातून सावकाश वर जातो. तुम्ही आत शिरलात की मागे पुन्हा खाली येतो. ज्यांना इयत्ता नाही त्यांनी हुद्दा सांगायचा. पहिल्या दिवशी मी काहीच न सांगता घुसायला गेले, तर तो हात माझ्या चष्म्याला लागला आणि वरून आवाज आला, "म्याडम, गाडी मागं घ्या."

गाडी म्हणजे मी. वीस वर्षं या शाळेत मराठी शिकवतेय, पण मला आजवर कुणी मागे घेतलं नव्हतं.

हा हात इब्राहिम तांबोळींचा. वय अठ्ठावन्न, राहणार उर्से. एक्सप्रेसवेच्या टोलनाक्यावर त्यांनी अठरा वर्षं काढली. बहुतेक काळ खिडकीत, शेवटची थोडी वर्षं वरच्या खोलीत कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर. पुढे गाड्यांच्या काचांवर टॅग चिकटले, खिडकीत माणूस लागेनासा झाला आणि तांबोळी घरी आले. घरी तसं कुणी नव्हतं. बायको वारून बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन लोणावळ्याला. दोन महिने त्यांनी म्हणे घराच्या ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्या नुसत्या बघितल्या, आणि मग आमच्या शाळेची जाहिरात वाचली.

जाहिरातीचं कारण असं की एका कारखान्याने आमच्या नववीला तेहतीस लॅपटॉप दिले होते. दिले म्हणजे वापरायला दिले. प्रत्येकात देखरेखीचं सॉफ्टवेअर होतं. कुठलं मूल काय उघडतंय, काय लिहितंय, हे सगळं एका पडद्यावर दिसायचं. खेळ, गप्पा, गाणी बंद. अहवाल त्या कारखान्याच्या कंपनीच्या कचेरीत जायचा. आणि करारात स्वच्छ लिहिलं होतं की मुलं देखरेख चुकवताना आढळली तर लॅपटॉप परत घेऊन यादीतल्या पुढच्या शाळेला दिले जातील. आमच्या तेहतिसांपैकी तिघांच्या घरी दुसरा संगणक होता. सुदुंबऱ्याहून येणारा एक मुलगा आपला लॅपटॉप आजीच्या शालीत गुंडाळून आणायचा. म्हणून पडद्यासमोर बसायला एक डोळस माणूस हवा होता.

मुलाखतीत मुख्याध्यापिका शेटेबाईंनी विचारलं, "कॉम्प्युटर येतो का?"

"येतो म्हंजे काय म्याडम, आमचं आयुष्य पडद्याम्होरं गेलं. आदी गाड्यांची टपं बगितली, आता पोरांची डोस्की बगू."

अर्ज एकच आलेला असल्यामुळे त्यांची एकमताने निवड झाली.

आठवड्याभरात कक्षाचा नाका झाला. तेहतीस लॅपटॉपना तेहतीस लेन. मुलांना नावांनी हाक नाहीच. "लेन चार, सरळ चालव." "लेन एकवीस, ओव्हरलोड! धा टॅब उगडल्यात, माल उतरव." एखाद्याला पकडलं की "पावती फाडली", आणि सगळं सुरळीत असलं की दर पाच मिनिटांनी, कुणीही विचारलेलं नसताना, "पुढं चला, पुढं चला." मुलांनी त्यांचं नाव पहिल्याच दिवशी टोलकाका ठेवलं. त्यांना ते कळलं तेव्हा त्यांनी नावाची पाटी तशीच रंगवून घेतली.

शिक्षकांचे लॅपटॉपही त्याच जाळ्यात होते, ही गोष्ट आम्हाला उशिरा कळली. एकदा चाचणी परीक्षा चालू असताना सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा आवाज आला, "लेन शून्य, पैठणी! पुढं चला!" लेन शून्य म्हणजे शेटेबाई. त्यानंतर दोन दिवस बाई कुणाशी बोलल्या नाहीत. मी हसून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी माझा नंबर लागला. मी 'गुडघेदुखीवर घरगुती उपाय' असं शोधलं, तर हा गृहस्थ तास चालू असताना वर्गाच्या दारात येऊन म्हणाला, "म्याडम, एरंडाचं पान बांदा. ते पडद्यावरचं खरं नस्तंय."

नाक्याबाहेरही त्यांचा नाका चालूच असे. आमच्या क्लार्कच्या मुलीच्या लग्नात, तळेगावला, स्टेजवर जाणाऱ्यांची तोबा गर्दी झाली. तांबोळी उठले, पायऱ्यांशी उभे राहिले आणि दोन लेन केल्या. आहेरवाले डावीकडे, नुसते आशीर्वादवाले उजवीकडे. डावी लेन पटापट हलू लागली. उजव्या लेनमधल्या लोकांचे चेहरे मी पाहिले, त्यांतले चारपाच जण खिशात पाकीट शोधत डावीकडे सरकले. वधूपिता आजही त्यांचं नाव आदराने घेतो.

आता मुलांविषयी. नववीची मुलं ती, देखरेख आहे म्हटल्यावर ती चुकवणं हा त्यांनी अभ्यासक्रमाचाच भाग मानला. ओंकार नावाचा एक मुलगा होता, लेन सोळा. त्याच्या पडद्यावर सतत प्रकाशसंश्लेषणाचं पान. तांबोळी माझ्याजवळ कौतुक करायचे, "लय एकाग्र पोरगं. तीन दिस झालं, पान सोडलं न्हाई." चौथ्या दिवशी दुपारी अडीचला ते उठले, ओंकारमागे जाऊन उभे राहिले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळा, तुजं घड्याळ बंद पडलंय." पडद्याच्या कोपऱ्यात अकरा वाजून दहा मिनिटं झालेली होती. पोराने त्या पानाचा फोटो काढून तोच पडद्याला लावला होता. दुसऱ्या एका टोळीने बंद असलेला खेळ भाषांतराच्या पानातून उघडला. खेळ चालू झाला, पण मराठीत. 'उडी मारा.' 'आपण मेला आहात, कृपया पुन्हा प्रयत्न करा.' मी भाषेची शिक्षिका, मला तर तो खेळ बंद करवेना.

टोल चुकवून गावातून गाडी काढणाऱ्याला मावळात सगळे ओळखतात, त्यात आपलेच पाहुणे असतात. तांबोळींचा दावा असा की बायपास मारणारा त्यांना दोन किलोमीटरवरून कळायचा. "गाडी हळू व्हते आन त्वांड साळसूद व्हतं. पोरांचंबी तसंच. साळसूद त्वांड दिसलं की मी पावतीबुक काडतो." त्यामुळे शाळेत सगळ्यांची खात्री होती की या माणसाच्या नजरेतून काही सुटत नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत किल्ल्यांची स्पर्धा असते. पटांगणाच्या कडेला प्रत्येक वर्ग मातीचा किल्ला करतो, हळीव पेरतो, मावळे उभे करतो. लोहगड-विसापूर खिडकीतून दिसत असताना मुलं हे फारच मनावर घेतात. तर त्या आठवड्यात एका सकाळी शेटेबाईंनी मला ऑफिसात बोलावलं. तिथे तांबोळी घामाघूम होऊन उभे. फोन स्पीकरवर होता आणि कंपनीच्या बंगळुरूच्या कचेरीतला एक माणूस इंग्रजी आणि हिंदी मिसळून विचारत होता, "मॅडम, आपके स्कूल में हो क्या रहा है?"

सॉफ्टवेअरने त्याला एकाच दिवसात चाळीसच्या वर लाल इशारे पाठवले होते. आमची मुलं मराठी लिहितात, पण इंग्रजी अक्षरांत. त्या सॉफ्टवेअरला मराठी येत नाही, त्याला फक्त धोक्याचे इंग्रजी शब्द शोधायला शिकवलेलं. मुलांपैकी कुणीतरी लिहिलं होतं, 'उद्या किल्ला करायचा, सगळ्यांनी या, बोंबलू नका, जास्त गुण आपल्यालाच मिळाले पाहिजेत.' इंग्रजी अक्षरांत लिहिलं की 'किल्ला'च्या आरंभी निघतो खून, 'बोंबलू'च्या आरंभी बॉम्ब, आणि 'गुण'ची झाली बंदूक. एका वाक्यात तिन्ही. खाली दुसऱ्याने विचारलं होतं, 'माती कोण आणणार?' 'माती' तेवढी हिंदीमुळे कळल्याने त्या बंगळुरूच्या माणसाने त्यावरून पुरण्याची तयारीही ताडली होती.

मी तोंड उघडायच्या आत तांबोळींनी फोन आपल्याकडे ओढला.

"सर, हॅलो सर. गुण मीन्स मार्क्स. ऑल स्टुडंट वॉन्ट गुण."

"गन?" पलीकडचा ओरडला.

"मोर गुण, गुड स्टुडंट. लेस गुण, फादर बीटिंग."

"अँड किल?"

"किल्ला, सर! फोर्ट! एव्हरी दिवाळी वुई मेक किल्ला. स्मॉल स्मॉल चिल्ड्रन मेक किल्ला. मी पन चाइल्ड, मी पन किल्ला."

शेवटी मी फोन घेतला आणि शुद्ध हिंदीत खुलासा केला. माणूस भला होता, हसला. आम्हीही हसलो. आणि फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, एक गोष्ट समजत नाही. ही सगळी वाक्यं एकाच फाईलमध्ये आहेत. नाव 'इतिहास प्रकल्प अंतिम, खरंच अंतिम'. तेहतीस मुलं दर तासाला त्यात लिहितात. पानं एकसष्ट झाली आहेत. हा इतिहासाचा प्रकल्प आहे, की मुलं देखरेख चुकवून गप्पा मारत आहेत? गुरुवारी आमचा अधिकारी येऊन बघेल.

आमचं हसू तिथेच संपलं. गुरुवारी जर त्याने ते बघितलं, तर शुक्रवारी लॅपटॉप गेले.

मी ती फाईल उघडून बसले. गप्पांची सगळी ठिकाणं बंद, पण अभ्यासाची फाईल सगळ्यांनी मिळून लिहायला मोकळी. पोरांनी तिचाच कट्टा केला होता. 'डब्यात शेपू आहे, कोण बदलणार?' 'मराठीच्या बाईंनी आज "म्हणजेच" तेवीस वेळा म्हटलं.' हे मी दोनदा वाचलं. म्हणजेच, तेवीस जास्त आहेत. 'बाबांची शिफ्ट बदलली, रविवारपासून भेटलेच नाहीत.' 'आमची म्हैस व्याली!!! पारडी.' त्याखाली अकरा अभिनंदनं. परंदवडीची सायली केदारी, वर्गातली सगळ्यात फटकळ मुलगी, तिने लिहिलं होतं, 'आई दवाखान्यात आहे. चहा मी केला. साखरेऐवजी मीठ पडलं. आजोबा काही न बोलता पिले.' आणि खाली ओंकारने, त्या बंद घड्याळवाल्याने, चहात काय आधी टाकायचं ते क्रमवार लिहून दिलं होतं.

एवढं सगळं दोन महिने चाललेलं, आणि आमच्या डोळस माणसाला पत्ता नाही! मी तणतणत संगणक कक्षात गेले. हात आडवा झाला. मी तो बाजूला सारला.

"तांबोळी, तुमच्या नाकासमोर नववीने अख्खी चावडी भरवलीय. पत्ता आहे का तुम्हाला? कुणाच्या म्हशीला पारडू झालं तेसुद्धा लिहिलंय!"

"राधी," ते म्हणाले.

"काय?"

"पारडीचं नाव. राधी ठेवलं." आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं.

मी खुर्ची ओढून बसले. ते उभेच राहिले.

"कधीपासून माहीत आहे?"

"पयल्या हप्त्यापास्नं. अँबुलन्सच्या लेनमधनं वरात काडली वो पोरांनी. मला न्हाई कळनार?"

"मग पावती का नाही फाडलीत?"

त्यांनी खिडकीकडे बघितलं. नेहमीचा मोठा आवाज कुठेच नव्हता. "म्याडम, अटरा वर्सं खिडकीत बसलो. काच खाली, हात भाईर, काच वर. लाखानं मानसं गेली समोरनं. कोन कुटं चाललंय, कशापायी चाललंय, कदी कळलं न्हाई. गाडीत रडनारी बाई बगितली. हळदीचा नवरा बगितला. इचारायची सोय न्हाई, मागं हॉर्न वाजतोय. आन मला लोकांनी दोनच गोष्टी इचारल्या उभ्या आयुष्यात. लोनावळा किती लांब, आन बाथरूम कुटं." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "हितं पोरं सांगत्यात. मला न्हाई सांगत, एकमेकास्नी सांगत्यात. पर आयकाया तरी मिळतं. घरी गेल्याव कोन बोलतंय?"

मला खरं तर गलबलून आलं होतं. पण माझा स्वभाव असा की गलबललं की मी आधी रागावते.

"हे चोरून वाचणं झालं, तांबोळी. त्या पोरांना वाटतंय कुणी बघत नाही. आईचं दुखणं लिहिलंय त्या पोरीने. तुमचं काम खेळ बंद करणं आहे, त्यांची मनं वाचणं नाही."

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. हे त्यांच्या डोक्यातच आलेलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "व्हय. ही लेन माजी न्हवती."

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला ते नववीच्या वर्गात आले. दारात स्वतःच थांबले. मी 'या' म्हटल्यावर आत आले. टोपी हातात.

"पोरांनो, तुमच्या त्या फाईलमदलं मी समदं वाचतोय. पयल्यापास्नं. सांगाया पायजे हुतं, सांगितलं न्हाई. चुकी माजी हाय. गुरवारी कंपनीचा सायेब येनार, ही फाईल त्याच्या नजरंला पडली तर ल्यापटाप जात्याल. तवा काय करायचं ते तुमी ठरवा. मी पावती फाडनार न्हाई."

सायली उभी राहिली.

"सगळं वाचलंत?"

"समदं."

"चहाचं पण?"

"व्हय."

सायली खाली बसली. तिचे कान लाल झाले होते. मधल्या सुट्टीत फाईल पुसली गेली, एकसष्ट पानांसकट.

गुरुवारी अधिकारी आला. पंचविशीचा, कोल्हापूरकडचा, नवीनच नोकरीला लागलेला. दारात हात आडवा.

"नाव, हुद्दा?"

"अहो, मी तपासणीला आलोय."

"तपासनीवाल्यालाबी नाव आस्तं."

"किल्लेदार," तो म्हणाला. हात वर गेला.

किल्लेदारसाहेब एका लॅपटॉपवर बसले, स्वतःचं नाव इंग्रजीत लिहून आत शिरले, आणि तांबोळींचा पडदा लालभडक झाला. घंटा वाजली. 'हिंसेची शक्यता.' साहेबांनी नाव पुन्हा लिहिलं. पुन्हा घंटा. तिसऱ्यांदा लिहिल्यावर बंगळुरूहून त्यांच्याच मोबाइलवर फोन आला की शाळेत एक संशयित बसलाय, त्याच्यावर लक्ष ठेवा. मुलांनी तोंडं दाबून धरली होती. शेटेबाई छताकडे बघत होत्या. सॉफ्टवेअर चुकून पकडतं अशा मराठी शब्दांची यादी मी करून ठेवली होती, ती पुढे केली. किल्ला, गुण, बोंबील, बोंबलणं, आणि सगळ्यात वर, आत्ताच लिहिलेलं, साहेबांचं आडनाव. त्यांनी ती निमूट घेतली.

"बाकी सगळं ठीक दिसतंय," घाम पुसत ते म्हणाले. "गप्पांची फाईल काही सापडली नाही."

झालं होतं. लॅपटॉप वाचले होते. साहेब उठले सुद्धा. आणि हा तांबोळी नावाचा माणूस पुढे झाला.

"सायेब, हुती फाईल. पोरांनी सोताच मोडली. मला दोन महिनं म्हाईत हुती, मी कळवली न्हाई. चूक माजी लिवा, पोरांची लिवू नगा."

शेटेबाईंनी कपाळाला हात लावला. किल्लेदार हळूच म्हणाले, "काका, मी हे ऐकलं नाही."

"आयकलं न्हाई तर पुन्यांदा सांगतो."

"नको, नको," म्हणत साहेब घाईने निघाले, आणि आपला हात आडवा करायलाही तांबोळी विसरले. साहेबांनी अहवालात काय लिहिलं ते आम्हाला पुढे कळलं. लॅपटॉप शाळेकडेच राहतील, शब्दांची यादी सुधारण्यात येईल, आणि मुलांना मधल्या सुट्टीत गप्पांसाठी एक फाईल मोकळी ठेवावी, ती कुणी तपासू नये. तांबोळींचं नाव कुठे नव्हतं.

पण मुलांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. नाव सांगायची, इयत्ता सांगायची, आत जायची, एवढंच. 'पुढं चला'ला कुणी हसेना. मधल्या सुट्टीत नवी फाईल धडाधडा भरत होती, हे तेहतीस खाली वाकलेल्या डोक्यांवरून कळायचं. आणि तांबोळी त्या वेळात पडदा बंद करून, त्याच्याकडे पाठ करून, पटांगणातल्या किल्ल्याला पाणी घालायला जात. कुणी सांगितलं नव्हतं. हळीव त्यांच्यामुळेच उगवलं, पण नववीने तेही बोलून दाखवलं नाही. मला वाटायचं, मी उगाच बोलले. मग वाटायचं, नाही, बोलायलाच हवं होतं. या दोन्हींत माझे आठ दिवस गेले.

सुट्टी लागायच्या दिवशी मधल्या सुट्टीत ते मला शोधत स्टाफरूममध्ये आले. "म्याडम, जरा येताव का? पडद्यावर कायतरी आलंय. मी उगडलेलं न्हाई, आईशप्पत."

त्यांच्या पडद्यावर एक निमंत्रण होतं. 'टोलकाकांना घ्यायचं का?' अशा नावाची फाईल. आत मतदान. एकोणीस हो, चौदा नाही. आणि ज्यांनी 'नाही' म्हटलं त्यांनी खाली आपली नावंही घातली होती, पहिलं नाव सायली केदारीचं. पण निमंत्रण पाठवणाऱ्याचं नाव बघितलं, तर तेही सायली केदारीच. खाली तिने लिहिलं होतं, 'माझं मत नाही असंच आहे. पण बहुमत झालं म्हणून पाठवते. चोरून वाचायचं नाही. आत यायचं तर काकांनी पण स्वतःचं लिहायचं.'

तांबोळींनी ते तीनदा वाचून घेतलं. मग खुर्चीवर नीट बसले, टोपी काढून बाजूला ठेवली.

"काय लिवू?"

"जे असेल ते."

"माजं काय आस्तंय?"

"मला नका विचारू. त्या फाईलमध्ये मला कुणी बोलावलेलं नाही."

एका बोटाने त्यांनी लिहायला घेतलं. एक अक्षर शोधायचं, सापडलं की त्याच्याकडे थोडं बघायचं, मग दाबायचं. सुट्टी निम्मी संपली. मी खिडकीशी उभी राहून दुसरीकडे बघत असल्याचं दाखवत होते. लिहून झाल्यावर ते म्हणाले, "बगा बरं, चुकलं का." व्याकरणाच्या चार चुका होत्या. मी म्हटलं, एकही नाही. इथे मात्र त्या सुधारून देतेय.

'मी आज शाळा सुटल्यावर सोमाटण्याला चाललोय. चप्पल घ्यायला. जुनी तुटली.'

पलीकडच्या वर्गात एकदम गलका झाला. मग पडद्यावर ओळी यायला लागल्या, एकीवर एक. 'कोणत्या रंगाची?' 'काका कशाने जाणार?' 'तुटली म्हणजे अंगठा का पट्टा?' 'घालून दोन चकरा मारा मगच घ्या.' आणि थोड्या वेळाने, सायलीची, 'एकटेच चाललात का?'

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा लावला. पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचली, आणि मग माझ्याकडे वळून, कुणी झोपेतून उठवल्यासारख्या आवाजात म्हणाले,

"म्याडम, इचारत्यात."